कार्ड कपाटात, पैसे फरीदाबादला : बँक नेमकं काय तपासते?

प्रश्न : सर, आम्ही सांगलीला असतो, आईचं पेन्शनचं खातं आहे. मागच्या महिन्यात रात्री 11.50 ला 10,000 आणि परत 12.04 ला 10,000 असे एटीएममधून काढल्याचे दोन मेसेज आले, एटीएम फरीदाबादचं आणि कार्ड आमच्या कपाटात! सकाळी मेसेज दिसल्या दिसल्या कस्टमर केअरला फोन करून कार्ड ब्लॉक केलं, ब्रँचला अर्ज पण दिला. तीन आठवड्यांनी उत्तर काय तर व्यवहार पिन टाकून झालाय, सक्सेसफुल आहे, तक्रार बंद. आईने पिन कुणालाच सांगितला नाहीये हो, ती आता म्हणते जाऊ दे. खरंच सोडून द्यायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अजिबात सोडायचं नाही. मी बँकेत बरीच वर्षं कार्डांच्या तक्रारी बघितल्यात आणि "पिन बरोबर होता म्हणजे ग्राहकानेच काढले किंवा पिन सांगितला" हे उत्तर वाचलं की अजूनही राग येतो, कारण हा तपास नाही, तपासाची पहिली ओळ आहे फक्त. आणि ती रात्री बाराच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा काढायची पद्धत तर ओळखीची आहे, तारीख बदलली की कार्डाची दिवसाची लिमिट नव्याने सुरू होते ना, म्हणून.

खरा तपास असा होतो. आईंची बँक आधी आपल्या स्विचचा लॉग काढते, स्विच म्हणजे एटीएमची रिक्वेस्ट तपासून हो किंवा नाही सांगणारी सिस्टीम. मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर त्या बँकेकडून ईजे मागवतात, म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेली नोंद, कार्ड कधी आत गेलं, किती नोटा मोजल्या, बाहेर आल्या का. पण हे दोन्ही फक्त पैसे निघाले एवढंच सांगतात, कोणी काढले ते नाही. त्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एन्ट्री मोड, मशीनने कार्डाची चिप वाचली की मागची काळी पट्टी. लॉगमध्ये साधारण 05 ने सुरू होणारा कोड असेल तर चिप, 90 असेल तर पट्टी. चिपची नक्कल करणं फार अवघड, पट्टीची सोपी, कार्ड घालायच्या जागी स्किमर, म्हणजे पट्टीवरची माहिती चोरून वाचणारं छोटं यंत्र, बसवतात आणि वर छोटा कॅमेरा लावून पिन बघतात, मग दुसऱ्या कार्डावर तीच माहिती चढवली की झालं. म्हणजे पिन कुणाला न सांगताही चोरीला जातो! आईंच्या व्यवहारात पट्टी वाचली गेली असेल तर बँकेच्या "पिन बरोबर होता" ला काही अर्थच उरत नाही. चिप वाचली असेल तर मात्र तपास करणारे घरातल्या माणसांबद्दल विचारतात, तेव्हा रागावू नका, कार्ड रात्रभर कुठे होतं आणि घरातले सगळे कुठे होते ते सरळ लिहून द्या.

मग सीसीटीव्ही. फुटेज कायम ठेवत नाहीत, त्यामुळे ते आजच्या आज लेखी मागा, ईमेलने, आणि पोलिसात तक्रार केली नसेल तर तीही करा, म्हणजे ते त्यांच्या बाजूने मागवू शकतात. ज्यांची ज्यांची अशी तक्रार आली त्यांची कार्डं आधी कुठल्या एका एटीएमवर वापरली गेली होती का हेही चांगली बँक जुळवून बघते, आईंनी मागच्या दोन-तीन महिन्यांत कुठून कुठून पैसे काढले ते पासबुक घेऊन लिहून काढा, तुमच्या कामाचं आहे.

आता नियम. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक यासाठीच निघालं, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच वेगळं निघालं. त्यात स्पष्ट लिहिलंय की चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. चूक बँकेचीही नाही ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानेच चोरी केली असेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस त्यात धरायचा नाही. तुम्ही तर सकाळीच कळवलंय. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले असते तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 सोसावे लागले असते, त्यापुढे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा दाखवायला हवी, याला शॅडो क्रेडिट म्हणतात, आणि 90 दिवसांत निकाल. तुमच्याकडे तीन आठवडे झाले, तर शॅडो क्रेडिट का दिलं नाही हा पहिला प्रश्न विचारा! तो कस्टमर केअरचा तक्रार नंबर आणि वेळ जपून ठेवा, सगळं त्यावर उभं आहे.

पत्रात फक्त एवढंच मागा, दोन्ही व्यवहारांचा एन्ट्री मोड, ईजे, फुटेज, आणि चूक आईंची आहे याचा पुरावा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा परत हेच उत्तर दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : बँकेतून बोलतोय असं सांगून फोन आला आणि बाबांनी ओटीपी सांगून टाकला, कार्डावरून 18,000 गेले. काहीच मिळणार नाही का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : ओटीपी सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान नियमाप्रमाणे आपलंच, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कार्ड ब्लॉक करून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, पैसे चोराच्या खात्यातून पुढे जायच्या आत गोठवता आले तर परत मिळू शकतात, तिथे एक एक तास मोलाचा असतो. आणि बाबांना ओरडू नका प्लीज, घाबरून माणसं पुढच्या वेळी घरात सांगतच नाहीत आणि तेवढ्यात अजून पैसे जातात.