तारखांच्या मधल्या दिवसांत मुलाला सांभाळताना

आपला १५ वर्षांचा मुलगा मित्रांसोबत दुचाकी चोरीच्या प्रकरणात सापडला, आठ दिवस निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या गृहात) राहून जामिनावर घरी आला, आणि आता तो धड झोपत नाही, ताट पुढ्यात घेऊन नुसते चिवडत बसतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले तर बाल न्याय मंडळापुढे ते त्याच्या विरोधात जाईल का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे अशा मुलांची समुपदेशक म्हणून काम केले आहे. अवश्य न्या. उपचार घेणे ही गुन्ह्याची कबुली ठरत नाही, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलाविषयी मंडळापुढे येणारे अहवाल गोपनीय मानले जातात. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवालासाठी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची माहिती मंडळाला देण्यासाठी, घरी येतील, तेव्हा मुलाकडून उत्तरे पाठ करून घेऊ नका. पढवलेले बोलणे त्यांना लगेच कळते, आणि आपले खरे बोलणे घरच्यांनाही नको आहे, अशी मुलाची समजूत होते.

माझ्या पाहण्यात या मुलांना सर्वांत जास्त पोखरते ते पुढे काय होणार हे कोणीच न सांगणे. घरातली मोठी माणसे दाराआड वकिलांशी बोलतात, निरीक्षणगृहातल्या मुलांनी ऐकवलेल्या कहाण्या डोक्यात असतातच, आणि या दोन्हींतून मूल स्वतःचा निकाल स्वतःच लावून बसते. म्हणून त्याला नेमके सांगा. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा असल्याने ती या कायद्यात किरकोळ अपराधात मोडते. अशी चौकशी मंडळाने ४ महिन्यांत, फार तर आणखी २ महिने वाढवून, पूर्ण करायची असते आणि तरीही ती अपुरी राहिली तर कार्यवाही तिथेच संपते. प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याचा प्रश्न १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांच्या निर्घृण अपराधांपुरताच, म्हणजे किमान ७ वर्षांची शिक्षा असलेल्या अपराधांपुरताच, येतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही लपवू नका. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांना चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ती नोंद उघड करता येत नाही, हे सांगितल्यावर पहिल्यांदाच पोटभर जेवलेला मुलगा मला आठवतो. त्याच्या प्रकरणात कोणती कलमे लागली आहेत हे वकिलांकडून पडताळून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतात.

घटनेची हकीकत मात्र मामा, काका, शेजारी अशा प्रत्येकासमोर त्याच्याकडून वदवून घेऊ नका. ती वकिलांना सांगायची, आणि त्याला वाटेल तेव्हा समुपदेशकांना. शाळेत एखाद्या विश्वासू शिक्षिकेखेरीज कोणाला कळवण्याचे कारण नाही. कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे (व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांना ते कोण समजावणार, हा भाग वेगळा).

‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही तो बोलला, किंवा आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, तर जीव द्यावासा वाटतो का हे त्याला सरळ विचारा, एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. १४४१६ ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा, रात्रीही सुरू असते.

तारखेच्या दिवशी डबा आणि पाणी सोबत ठेवा, कारण क्रमांक दुपारी उशिराही लागतो. बाकावर त्याला उपदेश करू नका, नुसते शेजारी बसा. तारीख पुढे गेली, तर नवी तारीख त्यालाच वहीत लिहू द्या.