शेजारच्या टाकीवर बसवून बघ

परभणी

पोरी, अनेक आशीर्वाद.

टाकीतलं पाणी मोजून ती भरली की बजर वाजवणाऱ्या तुझ्या यंत्राचे फोटो मिळाले. ईएसपी८२६६ चं वायफायवालं बोर्ड, जुन्या मोबाइलचा चार्जर, वायरिंगची जंक्शन बॉक्स, सगळं नेटकं बसवलंयस. आता पुढं पायथन शिकू की एआय, असं विचारलंयस. नवं काही इतक्यात हाती घेऊ नकोस, हे माझं उत्तर. असंच आणखी एक यंत्र कर, शेजारच्या काकूंच्या टाकीवर बसव आणि महिनाभर तिकडं फिरकू नकोस.

आपल्या घरात काहीही चालतं गं. अडलं की रीसेट दाबायला आपण असतोच. काकूंना रीसेट कुठंय तेही माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. त्या महिनाभरात त्या तुला ज्या कारणासाठी हाक मारतील, तोच तुझा पुढचा अभ्यासक्रम.

पण तिथं न्यायच्या आधी दोन गोष्टी सुधार. फोटोत आवाज सोडून पाण्याचं अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या इकोची, म्हणजे परतीच्या सिग्नलची, वायर सरळ बोर्डात गेलेली दिसते. तुझा एचसी-एसआर०४ सेन्सर तिथून ५ व्होल्ट सोडतो आणि तुझं बोर्ड ३.३ व्होल्टचं आहे. आज चालतंय म्हणून चालू देऊ नकोस; १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागून घे. दुसरं, हा सेन्सर उघड्या तोंडाचा. टाकीतल्या वाफेनं तो आज ना उद्या गंजणार. जेएसएन-एसआर०४टी नावाचा वॉटरप्रूफ मिळतो, तो घे. फक्त त्याला २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून टाकी भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्या तेवढा वर बसव.

आता तुझ्या कोडातला तो ५८. आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागलेले मायक्रोसेकंद भागिले ५८, की सेंटिमीटर. सगळीकडं असंच लिहिलेलं असतं, तूही तसंच घेतलंस. पण हा आकडा आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरून काढलाय, म्हणजे २२-२३ अंशांची हवा. मे महिन्यात आपल्या गच्चीवर ४२ अंश असतात, तेव्हा वेग ३५७ च्या घरात जातो. म्हणजे पाणी १०० सेंटिमीटर खाली असलं तरी तुझं यंत्र ९६.६ सांगणार. एक मीटर व्यासाच्या टाकीत हा फरक साधारण २७ लिटरचा, आणि तोही उलट्या बाजूचा: पाणी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. रोज नळ येणाऱ्या गावात हे कुणी मनावर घेणार नाही. आपल्याकडं आठ-आठ दिवसांनी पाणी सुटतं, तिथं दोन घागरींचा हिशेब चुकून कसं चालेल? डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरची प्रोब टाकीतल्या हवेत लोंबती सोड, आणि ठरावीक ५८ सोडून आवाजाचा वेग (सेकंदाला मीटर) म्हणून ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान (अंश सेल्सिअस) असं कोडात लिही. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला शिकण्यासारखा भाग हाच. बाकी जोडाजोडी कुणालाही जमते.

मग लाइटचं. लाइट गेली की वायफायही गेलं, आणि परत आली तरी राउटर उठायला वेळ घेतो. तुझा प्रोग्रॅम सुरुवातीलाच वायफायची वाट बघत अडून बसतो. तोवर नळ येऊन टाकी वाहायला लागलेली असते. मोजणं आणि बजर वाजवणं इंटरनेटवर ठेवूच नकोस. वायफाय मिळालं तर मोबाइलवर आकडा दिसेल, नाही मिळालं तर बजर आहेच. नळ किती वाजता आला त्याची नोंद हवी असेल तर डीएस३२३१ चं घड्याळ बसव; त्याला बटणसेल असतो, लाइटशी त्याचं देणंघेणं नाही.

आणि हो, मोटार आपोआप बंद करायचा मोह होईल. दुकानातल्या त्या छोट्या निळ्या रिलेवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर, मोटार लावू नकोस. चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. रिलेचे काँटॅक्ट चिकटले तर ती बंदच व्हायची नाही. ते काम काँटॅक्टरचं, म्हणजे जड करंटच्या स्विचचं, आणि वायरमनला सोबत घेऊनच.

बॉक्सच्या झाकणावर आत एक कागद चिकटव. लाल दिवा लागून राहिला तर काय करायचं, बजर कसा बंद करायचा, एवढंच, मोठ्या अक्षरांत, काकूंना कळेल अशा मराठीत. युनिकोडमध्ये टाइप कर. डीटीपीच्या जुन्या फाँटातला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की त्याचा चिवडा होतो. त्यासाठीचा इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्येही आहे; आठवडाभर बोटं अडखळतील, मग बसतील.

तुझ्या गावात कॉम्प्युटरवाली मुलं नाहीत, ही तक्रार मला फारशी पटली नाही. चौघींना जमव आणि रविवारी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या लोकांनीच भरलेल्या नकाशावर, गाव चढवा. २००४ पासून जगभरची माणसं आपापली गल्ली त्यात भरतायत. तुमचे हातपंप, आड, बारवा, पाण्याचा टँकर थांबतो ती जागा तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे? नावं मराठीत भरायची सोय आहे. वालूरची चक्राकार बारव तुमच्यापासून लांब नाही. एकदा सगळ्या जाऊन बघा, फोटो काढा, मराठी विकिपीडियावर तिच्याबद्दल काय आहे नि काय नाही तेही तपासा. ज्यांना सोल्डरिंगचा कंटाळा आहे, त्या यात रमतील.

शाळेत पडलेल्या तीन कॉम्प्युटरांचं लिहिलंयस. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले म्हणून ते भंगारात द्यायची गरज नाही. सरांची लेखी परवानगी घे, आतला डेटा कुणाला हवा असेल तर आधी काढून ठेव, आणि एकेकाची रॅम किती ते मला कळव. ४ जीबी असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट एक्सएफसीई ही हलकी सिस्टिम टाकू. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर आणखी बरं. पेनड्राइव्ह मी तयार करून ठेवतो. रेझिस्टर दुकानात पडलेत, त्याचे पैसे नकोत. शनिवारी दुपारनंतर ये, सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते.

तुझा
काका