घंटा झाली की हात थांबव

प्रिय दोस्ता,

मठाच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर चढवायला बसलास की काम रंगात येतं आणि नेमकी टर्सची, म्हणजे सकाळच्या मधल्या प्रार्थनेची घंटा होते. पुन्हा जम बसतोय तोवर दुपारचं सेक्स्ट. म्हणून दिवसातल्या छोट्या प्रार्थनांतून सूट द्या, असं प्रायरांना, मठाच्या वरिष्ठांना, विचारावं का, हा तुझा प्रश्न. विचारू नकोस. घंटा झाली की हात थांबव.

'माझं काम हीच माझी प्रार्थना' असं तू लिहिलंयस. छान वाक्य आहे, नॉव्हिस, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा उमेदवार, असताना माझ्याही तोंडी असायचं. आणि सावता माळ्याचा दाखला तर देऊच नकोस. तो सावता होता, तू वर्षभराचा नॉव्हिस आहेस.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात मठवासीयांसाठी नियमांचं पुस्तक लिहिलं, ते अशा पळवाटा पुरत्या ओळखून. 43वं प्रकरण काढ. इशारा कानावर पडला की हातातलं असेल ते टाकून निघायचं. घाईने, पण हसं होणार नाही इतपत भारदस्तपणे. शेत लांब असेल तर 50व्या प्रकरणाप्रमाणे आहात तिथेच गुडघे टेका. म्हणजे कामावरच्या माणसालाही सुटका नाही. उशिरा येणाऱ्यांबद्दल मात्र त्याला कणव: पहाटेच्या व्हिजिल्स या प्रार्थनेला 94वं स्तोत्र (आपल्या बायबलात 95वं) मुद्दाम लांबवत म्हणायला सांगतो, मागे राहिलेले पोहोचावेत म्हणून.

त्याच्याही आधी कॅसियन नावाच्या मठवासी लेखकाने इजिप्तच्या मठांबद्दल लिहून ठेवलंय. प्रार्थनेसाठी दारावर टकटक झाली की नकला करणारा लेखनिक हातातलं अक्षरदेखील पुरं करत नसे. अक्षर! आणि तू 'एवढी एक नोंद पुरी करतो' म्हणतोस.

कामाला कमी लेखतोय असं समजू नकोस. आळस आत्म्याचा वैरी, हे 48व्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य. उपवासकाळात प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचं, ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, आणि कुणी गप्पा हाकत बसलंय का हे बघत एकदोन ज्येष्ठांनी फिरायचं, इतका तो काटेकोर. मठाची भांडी-अवजारं वेदीवरच्या पात्रांसारखी जपा म्हणतो. फक्त काम तुझ्या मालकीचं नाही. कारागिराला आपल्या कसबाची घमेंड चढली तर ते कसब त्याच्याकडून काढून घ्या, असं 57वं प्रकरण स्पष्ट सांगतं. ते आज वाच. तुझ्या पत्रात 'माझी यादी' किती वेळा आलंय, तेही मोज.

आता माझं ऐक. माझ्या टेबलाच्या खणात स्तोत्रांची मराठी विषयसूची अर्धवट पडली आहे. कागद पिवळे झालेत, टाचण्या गंजल्यात. वसईला घरी गेलो की भाऊ विचारतो, झाली का? नाही झाली. आता डोळे साथ देत नाहीत, होणारही नाही. याची हळहळ मला आहे, नाही कशाला म्हणू? पण ती आळसाने राहिली नाही. प्रत्येक घंटेला मी लेखणी खाली ठेवली. लोक हट्टी म्हणतात, म्हणोत. आमच्या वाडीत संध्याकाळची आंजेलस प्रार्थनेची घंटा झाली की विहिरीवरची माणसं हातातलं सोडून उभी राहायची. भाजी उद्या बाजारात जायची आहे म्हणून कुणी काम चालू ठेवलेलं मी पाहिलं नाही. हट्ट असेल तर तिथलाच आहे.

आणि सूची पुरी झाली असती तर? आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणायची, हा नियम. तीच म्हणायची सोडून त्यांची सूची करत बसायचं? सांग ना.

यादी तुझ्यानंतर दुसरा कुणी पुरी करेल. तुझ्या जागेवरचं सेक्स्ट तुझ्याऐवजी कुणी म्हणणार नाही.

एक सोय सांगतो. घंटेच्या थोडं आधीच फाइल सेव्ह करून ठेव. मग 'एवढंच उरलंय' हे निमित्त राहत नाही. प्रायरांकडे जायचंच असेल तर संगणकाची खुर्ची बदलून माग, तिने तुझी पाठ दुखते हे तू ओझरतं लिहिलंयस आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उत्तर लिही. पण कामाच्या वेळेत नको, वाचनाच्या वेळेत तर मुळीच नको.

तुझा,
ब्रदर