वंशावळीत लेकींची नावे लिही

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वडिलांचे अकोल्याला डायलिसिस सुरू आहे, सोनोग्राफीच्या कागदावर दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या असंख्य गाठी लिहिल्या आहेत आणि घरात सगळे खाऱ्या पाण्यालाच बोल लावतात. आपल्या खारपाणपट्ट्यातले पाणी चांगले आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या विहिरीचे पाणी सगळ्या आळीने प्यायले आणि गाठी मात्र तुझ्या आजाला, काकांना आणि वडिलांनाच झाल्या, एवढे एम. एस्सी. करणाऱ्या मुलाला दिसायला हवे होते.

स्वतःची सोनोग्राफी करावी का, असे विचारतोस. कर, पण तिच्याआधी वंशावळ लिही. वारसनोंदीसाठी लिहितात तशी नको. हक्कसोड करून गेलेल्या आत्यांना आपण जमिनीबरोबर विसरतो, त्यांची आणि त्यांच्या लेकरांची नावे लिही. प्रत्येकापुढे रक्तदाब कितव्या वर्षी वाढला आणि माणूस कशाने गेले, ते असू दे.

मूत्रपिंडांत गाठी होण्याच्या या आनुवंशिक आजाराला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणतात. त्यात बहुतेक घरांत सोळाव्या गुणसूत्रावरचे पीकेडी-1 किंवा चौथ्यावरचे पीकेडी-2 हे जनुक बिघडलेले असते. आईकडून किंवा बापाकडून बिघडलेली एकच प्रत आली तरी पुरते, आणि ती येण्याची शक्यता मुलाला जितकी तितकीच मुलीला, म्हणजे निम्मी. या जनुकांची प्रथिने मूत्रपिंडाच्या पेशींवरील केसासारख्या तंतूंवर असतात. ती नीट बनली नाहीत की पेशीतले कॅल्शियम घटते, सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू वाढतो, आणि पेशी वाढत सुटून पोकळीत पाणी सोडत राहतात. पीकेडी-1 च्या घरात मूत्रपिंडे साधारण पन्नाशीत थकतात, पीकेडी-2 च्या घरात बहुधा सत्तरीपर्यंत तग धरतात. तुमच्या घरात कोणते, याचा पहिला अंदाज प्रयोगशाळेच्या आधी तुझी म्हातारी आत्या देईल.

माझी थोरली बहीण अडतिसाव्या वर्षी कापसाच्या पहिल्या वेचणीला डोके धरून खाली बसली आणि संध्याकाळपर्यंत गेली. आम्ही म्हणालो, ऊन लागले. या आजारात मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येऊन तो फुटू शकतो, हे मला फार उशिरा कळले. पुढे धाकट्या भावाच्या सोनोग्राफीचा कागद आला, तो मी बियाण्याच्या पावत्यांसोबत ट्रंकेत ठेवून दिला. गाठी म्हणजे खडेच असतील, असे मी धरून चाललो. त्याची कंबर दुखे, तेव्हा मूत्रपिंडाला घातक ठरणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून मीच आणून देत असे. पीकेडी-1 सापडले तेच 1994 मध्ये, मला खेड्यात कुठून कळणार, असे मी लोकांना सांगतो आणि ते खोटे नाही. पण मेंडेलचा आनुवंशिकतेवरचा निबंध 1866 चा आहे, आणि त्याचे वाटाणे मी फळ्यावर 31 वर्षे काढले.

औषधाचे विचारलेस. टोल्वॅप्टन हे शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची वाट अडवते, त्यामुळे सायक्लिक एएमपी उतरते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांची मूत्रपिंडे वर्षाला 2.8 टक्क्यांनी वाढली, न घेणाऱ्यांची 5.5 टक्क्यांनी. अमेरिकेत 2018 मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही, फक्त त्याचा वेग कमी करते, म्हणून डायलिसिसवर गेलेल्या तुझ्या वडिलांना त्याचा उपयोग नाही. शिवाय लघवी इतकी होते की दिवसभर लिटरांनी पाणी प्यावे लागते (टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे सांगणे सोपे आहे का?) आणि यकृताची तपासणी वारंवार करावी लागते. ज्याचा आजार झपाट्याने वाढण्याची चिन्हे आहेत, त्यालाच ते देतात. आणि ती चिन्हे शोधताना डॉक्टर तुला घरातल्यांची वयेच विचारतील. तेव्हा काय सांगशील, खारे पाणी?

पंचविशीच्या आत सोनोग्राफी स्वच्छ आली तरी निर्धास्त राहू नकोस. रक्तदाब मात्र उद्याच मोज. तो आटोक्यात ठेवायला महागडे औषध लागत नाही.

माझ्या त्या बहिणीची लेक आज चाळिशी ओलांडून गेली आहे. तिला मी गेल्या वर्षी तपासणीला पाठवले, इतक्या उशिरा. तुझ्या आत्या भाऊबीजेला येतील तेव्हा ओवाळणीच्या आधी कागद घेऊन बस, आणि त्यांच्या मुलींची वये विसरू नकोस.

तुझा,
सर