जुनी लक्झरी गाडी बघायला जाताना
वाशी-तुर्भ्यातल्या डीलरकडे सकाळीच जा आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असं आदल्या दिवशी बजावा. दोष असेल तर थंड इंजिन सुरू होतानाच टायमिंग चेनचा (इंजिनच्या आतल्या साखळीचा) खडखडाट ऐकू येतो, तेल जळत असल्याचा निळा धूर दिसतो. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी) असेल तर रात्रभर उभी गाडी एका कोपऱ्यात बसलीय का बघा. हवेची गळती असली की हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालून तोही जळतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत चिखलाचा डाग दिसला तर गाडी पुरात बुडालेली असू शकते, किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या. स्कॅनिंग सगळ्या मॉड्यूल्सचं (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट्सचं) करा, नुसत्या इंजिनचं नको. दिल्ली पासिंग स्वस्त वाटतं, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि इथला रोड टॅक्स हिशेबात धरा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.