कॉर्ड ब्लड साठवावं का? माझ्या मुलीच्या आजारपणावरून सांगतो

बायको सातव्या महिन्यात आहे, मॅटर्निटी होममध्ये कॉर्ड ब्लड (बाळाच्या नाळेतलं रक्त) साठवणाऱ्या बँकेचा माणूस भेटला, "पुढे बाळाला ब्लड कॅन्सर झाला तर त्याचंच रक्त कामाला येईल" म्हणाला. पैसे भरावेत का आणि कोणतं पॅकेज घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

भरू नका. हेच वाक्य मी २००९ साली मुलुंडमध्ये ऐकलं होतं आणि पैसे भरले होते.

आग्रह आमच्या साडूभाऊंचा. "विमा समजा. मुलांपेक्षा पैसा मोठा आहे का?" असं त्यांनी डोहाळजेवणात चारचौघांत विचारलं. त्यावर होणारा बाप काय बोलणार?

तीच मुलगी पाच वर्षांची असताना ताप उतरेना, पायांवर काळेनिळे डाग आले. रिपोर्ट आला एएलएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. त्या रात्री मी कपाटातून बँकेचं सर्टिफिकेट काढलं आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावून परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बाईंनी ते वाचून शांतपणे बाजूला ठेवलं. म्हणाल्या, लहान मुलांच्या ल्युकेमियाची (ब्लड कॅन्सरची) सुरुवात बऱ्याचदा आईच्या पोटातच झालेली असते. तीच बिघडलेली पेशी साठवलेल्या रक्ताच्या त्या पिशवीतही असू शकते. शिवाय ट्रान्सप्लांट (रक्त तयार करणाऱ्या पेशी नव्याने देणं) लागलंच तर पेशी दुसऱ्याच्या हव्यात, कारण उरलासुरला कॅन्सर ओळखून मारायचं काम त्या परक्या पेशीच करतात. ज्या आजाराच्या नावाने मला ती पिशवी विकली, त्याच आजारात ती निरुपयोगी होती.

केमो सुरू झाली. मेंटेनन्स (आजार परतू नये म्हणून दिली जाणारी हलकी केमो) चालू असतानाच, २०१७ मध्ये, आजार उलटला आणि ट्रान्सप्लांट ठरलं. सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. धाकट्याचं जुळलं नाही. रजिस्ट्रीत (पेशी द्यायला तयार असलेल्या दात्यांच्या यादीत) शोध घेतला, तिथेही नाही. हे गुण वंशातून येतात, म्हणून आपल्याला जुळणारा माणूस बहुधा आपल्यासारख्यांतच सापडतो. आणि १४० कोटींच्या देशात नोंदलेले दाते काही लाख! आपण मराठी माणसं रक्तदानाला मांडव घालतो, पण या नोंदणीसाठी गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना द्यायची वेळ आली की मागे सरतो.

साडूभाऊंचा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा, तब्येतीने दणकट. नाव नोंदव म्हटलं तर साडूभाऊच आडवे आले. "पाठीच्या कण्यातून पाणी काढतात, उद्या लग्नात अडचण येईल." त्याचं माझ्या मुलीशी जुळलं असतं असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीशी जुळलं असतं.

शेवटी मीच दिलं. आईबाप अर्धे जुळतातच आणि हल्ली अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतं. नंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन परक्या पेशींचा पेशंटच्या शरीरावरचा मारा आवरतात. पेशी रक्तात उतराव्यात म्हणून मला चार दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. कंबर आणि मांड्या फ्लूसारख्या ठणकत होत्या, पॅरासिटामॉलवर भागलं. पाचव्या दिवशी खारघरच्या हॉस्पिटलात एका हातातून रक्त मशीनमध्ये, दुसऱ्या हातातून परत, असा पाच तास पडून होतो. पाठीला कोणी हातही लावला नाही. मॅरो (हाडातला मगज) काढायचाच झाला तरी भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, कण्याशी त्याचा संबंध नाही, आणि काही आठवड्यांत तो भरून येतो. टोमॅटो सारासारखी दिसणारी ती पिशवी संध्याकाळी तिच्या सलाइनला लागली. तिसऱ्या दिवशी मी मुलुंड-ठाणे-खारघर असा लोकलने डबा घेऊन हजर होतो. ८:१२ च्या लोकलच्या ग्रुपमधले सहा जण आळीपाळीने प्लेटलेट द्यायला आले. त्यांचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत. सतराव्या दिवशी एएनसी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या वर गेला, तेव्हा मी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून रडलो.

मुलगी आता कॉलेजात आहे. साडूभाऊ अजूनही गणपतीत म्हणतात, "ती पिशवी होती म्हणून मनाला धीर तरी होता." धीर नव्हता, साडूभाऊ. त्या एका रात्री खोटी आशा होती, आणि सकाळी ती तुटताना माझी बायको शेजारी बसली होती. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलंय, इथेही लिहितो.

तर पॅकेजचा विचारच सोडा. आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने) आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही, स्वतःसाठी म्हणून असं खासगी साठवण करू नका असंच सांगितलंय. वय १८ ते ५० मध्ये असेल तर तुम्ही दोघं रजिस्ट्रीत नाव घाला, बायकोने बाळंतपणानंतर सावकाश. मात्र नंतर फोन आला की माघार घेणार असाल तर नोंदवूच नका. समोरच्या पेशंटचा स्वतःचा मॅरो ट्रान्सप्लांटआधी औषधांनी संपवलेला असतो.

एक राहिलं. कॉर्ड ब्लड ही गोष्टच फसवी आहे असं समजू नका. १९८८ मध्ये पॅरिसला एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊनच पहिलं असं ट्रान्सप्लांट झालं. फक्त ते रक्त थोडं असतं, मोठ्या माणसाला बहुतेकदा पुरत नाही. आणि ल्युकेमिया झालेल्या बहुतेक मुलांना ट्रान्सप्लांट लागतच नाही, एएलएल बऱ्याचदा केमोनेच बरा होतो. आमचा उलटला म्हणून ही वेळ आली. तुमच्या घरी आधीचं मूल असेल आणि त्याला थॅलेसेमियासारखा ट्रान्सप्लांटने बरा होणारा आजार असेल, तर मात्र वर लिहिलेलं बाजूला ठेवा आणि बाळंतपणाआधीच त्याच्या रक्ततज्ज्ञांना भेटा. ती गोष्ट वेगळी आहे, तिथे हे रक्त जपून ठेवायलाच हवं.