सिकोर्स्कींचं विमान पडलं की पाडलं?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की विमान अपघातात गेले, पण तो घातपात होता असं बरेच जण म्हणतात. २००८ मध्ये त्यांचे अवशेष बाहेर काढून तपासले होते ना, मग आता प्रकरण मिटलं का?

उत्तर: अर्धंच मिटलं. ४ जुलै १९४३ ला रात्री स्पेनच्या दक्षिण टोकाच्या जिब्राल्टर या ब्रिटिश तळावरून लंडनला निघालेलं त्यांचं लिबरेटर विमान उडाल्यावर जेमतेम १६ सेकंदात समुद्रात पडलं, त्यांची मुलगीही सोबत होती, तिचा मृतदेह कधीच मिळाला नाही, वाचला फक्त चेक पायलट प्रखल. त्याचं म्हणणं एकच होतं, स्पीड घ्यायला नाक जरा खाली केलं आणि मग कंट्रोल जाम झाले, दांडा मागे येईचना.

संशय यायला कारणं खरंच होती. एप्रिलमध्येच रशियातल्या कातिनच्या जंगलात सोव्हिएतांनी मारलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडल्याचं जर्मनांनी जाहीर केलं होतं, सिकोर्स्कींनी रेड क्रॉसकडून चौकशी मागितली म्हणून स्टॅलिनने त्यांच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारशी संबंधच तोडले. त्यात अपघाताच्या दिवशी सकाळी सोव्हिएत राजदूत मायस्कींचं विमानही जिब्राल्टरला उतरलेलं, आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्यात स्पेन-पोर्तुगालचं काम बघणारा किम फिल्बी पुढे सोव्हिएत हेर निघाला. पण हे सगळं जुळतंय म्हणजे पुरावा झाला असं नाही हो, इथेच लोक घाई करतात.

आता तपासाचं. विमानात बसण्याआधीच त्यांना गोळी घातली किंवा गळा दाबला, असंही काही जण सांगायचे, तर क्राकोमध्ये केलेल्या त्या तपासणीत हाडांवरच्या जखमा विमान अपघातात होतात तशाच निघाल्या, म्हणजे ही थिअरी गेली. पण विमान का पडलं हे हाडं कशी सांगणार? त्याचं उत्तर एलिव्हेटरमध्ये आहे, शेपटीकडचा जो भाग विमानाचं नाक वर-खाली करतो तो. १९४३ च्या ब्रिटिश चौकशीने मान्य केलं की कंट्रोल जाम झाले, कशामुळे ते ठरवता येत नाही असंही लिहिलं, आणि तरी घातपात नाही असं सांगून टाकलं! मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. कारणच माहीत नाही तर एक कारण इतक्या खात्रीने बाद कसं करता? पोलिश तपास २०१३ मध्ये बंद झाला तेव्हा त्यांनी तरी सरळ लिहिलं, घातपात सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही.